पाच वेढ्यांचे मौन

मित्रांनो, गाडीत बसल्यावर तुमचे लक्ष वेगाच्या मोठ्या तबकडीकडे जाते. तिच्या शेजारी, काचेआड, मी असतो. मी एक जुना तापमानाचा काटा आहे. खाली 'सी' म्हणजे थंड, वर 'एच' म्हणजे गरम. या दोन अक्षरांमध्ये माझी एकोणीस वर्षे गेली.

भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. अंबुबाई नावाच्या कामगार बाईंनी मला चाचणीच्या टेबलावर तीनदा वर-खाली पळवले आणि "जा, पास झालास," म्हणून पेटीत ठेवले.

खरे सांगायचे तर मला स्वतःला उष्णता कळत नाही. इंजिनात बोटाच्या पेराएवढा पितळी सेन्सर असतो. इंजिनातले पाणी तापले की त्याचा विद्युतरोध कमी होतो, माझ्यातून जास्त प्रवाह वाहतो आणि मी वर चढतो. हा प्रवाह एका तारेने सेन्सरपर्यंत जातो आणि सेन्सरच्या स्क्रूसारख्या आट्यांतून इंजिनाच्या लोखंडात उतरतो. ही वाट कुठेही तुटली, की मी 'सी'वर पडून राहतो. म्हणजे इंजिन थंड असले तरी 'सी', आणि मला काहीच कळत नसले तरी 'सी'!

चिंचवडच्या एका कुटुंबाकडे बरीच वर्षे काढल्यावर आमची गाडी साधनाताईंनी घेतली. त्या बीडकडच्या. चाकणला त्यांची मेस आहे. रोज दुपारी साठ डबे मागच्या सीटवर रचून त्या एका कंपनीच्या गेटवर नेतात. एकदा आंबेठाण चौकाच्या कोंडीत मी झरझर वर चढलो. त्यांनी लगेच गाडी कडेला घेतली. पाण्याचा पाइप फुटला होता. इंजिन वाचले. "शहाणा आहेस," म्हणत त्यांनी माझ्या काचेवर टिचकी मारली. त्या दिवशी मला फार बरे वाटले.

पुढे सेन्सर म्हातारा झाला. मी उगाच थरथरू लागलो. साधनाताईंचे दीर गोरक्ष कंपनीत पाइप फिटर. एका रविवारी त्यांनी नवा सेन्सर बसवला आणि सवयीने त्याच्या आट्यांवर नळाच्या जोडाला लावतात त्या पांढऱ्या टेपचे पाच वेढे घट्ट गुंडाळले.

"वहिनी, माझ्या जॉइंटमधून थेंब गळत नाही. पूर्ण प्लांटला विचारा."

त्या दिवसापासून मी 'सी'वरून हललो नाही.

"बघा, इंजिन कसं गार पडलं!" गोरक्ष म्हणाले. ताईही खूश झाल्या. मी मात्र बेचैन होतो. इंजिनाचा आवाज जड झाला होता, गोडसर वास येत होता आणि मला एक रेघही चढता येत नव्हती. ताई गाडी चालवत होत्या, मधूनच माझ्याकडे बघत होत्या आणि माझ्यावर विश्वास ठेवत होत्या.

सोमवारी बॉनेटमधून वाफ निघाली. बुधवारी पुन्हा. दोन्ही वेळा डबे पाऊण तास उशिरा पोहोचले. कँटीन बघणारे शेखर म्हणाले, "ताई, पोरं उपाशी शिफ्टला उभी राहतात. शुक्रवारी उशीर झाला, तर मला दुसरी मेस बघावी लागेल."

गुरुवारी सकाळी, इंजिन गार असताना, दोघांनी गाडी बिरूकाकांच्या गॅरेजात नेली.

"काटा मेलाय, काका. काढून टाका," गोरक्ष म्हणाले.

"मेलाय का न्हाई ते आधी बघू तर दे. लगेच कुठं तिरडी बांधतोस?"

काकांनी सेन्सरची तार काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकवली. मी थेट 'एच'वर! इतक्या दिवसांनी. तार उचलली, मी खाली.

"काटा जित्ता हाय. तार बी चांगली हाय."

मग त्यांनी प्रवाहाची वाट तपासायचा मीटर लावला. सेन्सरच्या टोकापासून त्याच्या पितळेपर्यंत वाट होती. टोकापासून इंजिनापर्यंत मात्र नव्हती. काकांनी सेन्सर फिरवून काढला आणि पांढरी टेप वर धरली.

"ह्ये कुणी केलं?"

"मीच. गळू नये म्हणून."

"नळ बसवलास व्हय राव? ह्याचं बोलणं आट्यांतूनच जातं. तू तोंडच बांधलंस त्याचं. आन् ह्याचे आटे निमुळते, आपसूक घट्ट बसतात."

"प्लांटच्या गेटवर फोटो लावते भाऊजींचा, 'थेंब गळत नाही' म्हणून," साधनाताई म्हणाल्या. गोरक्ष कान खाजवत हसले.

टेप काढून सेन्सर पुन्हा बसवला. गाडी सुरू केली. मी मध्यावर आलो, पण थांबलो नाही. वर, अजून वर.

"बघा! परत बिघडला!" गोरक्ष ओरडले.

"बिघडला न्हाई, आता खरं सांगतोय. पंखा फिरतोय का?" काका म्हणाले.

इंजिनाचे पाणी गार करणारा पंखा फिरत नव्हता. त्याला वीज सोडणारा रिले जळाला होता. वाफेचे कारण तेच. माझे तोंड उघडे असते, तर ते सोमवारीच कळले असते. काकांनी रिले बदलला, पाणी भरले.

शुक्रवारी चौकात पुन्हा कोंडी. मी मध्याच्या वर सरकलो. ताईंची नजर माझ्यावरच. पंखा घरघरला आणि मी खाली आलो. साडेबाराच्या ठोक्याला डबे गेटवर होते.

"आज लवकर?" शेखर म्हणाले.

"लवकर नाही, वेळेवर. उद्याचे किती ते सांगा."

"साठच. अन् ठेचा जास्त."

मित्रांनो, मी वर चढलो की माझ्यावर चिडू नका. गाडी थांबवा आणि इंजिनाकडे बघा. पण गाडी बराच वेळ चालूनही मी तळाशीच निवांत दिसलो, तर त्याहून जास्त काळजी करा. बॉनेट उघडा, तार तपासा, माझी वाट मोकळी आहे का ते पाहा. मला हाक मारता येत नाही. मी गप्प का आहे, हे तुम्हालाच विचारावे लागेल.