बेहाला: मागणी शून्य

त्र्याहत्तर सालच्या त्या दिवाळीत मनोहर आगटेचं पाऊल जमिनीवर ठरत नव्हतं. कलकत्त्यातल्या ज्या औषधकंपनीत तो माल पाठवण्याच्या खात्याचा साहेब होता, तिथे कॉम्प्युटर आला होता. कोणत्या दुकानाला कोणतं औषध किती पाठवायचं, हे आता ते यंत्र ठरवत होतं. फाटकाबाहेर युनियनवाले "चोलबे ना, चोलबे ना" करून घसा कोरडा करत होते आणि आत थंडगार खोलीत ते धूड खडखडत कागद ओकत होतं.

"अहो, विचार करतं ते!" मनोहर भेटेल त्याला सांगायचा. "मागे काय खपलं ते बघतं आणि पुढे काय लागेल ते सांगतं. दुकानदाराला विचारायचीसुद्धा गरज नाही!"

आणि विचारणं त्यानं खरंच बंद करून टाकलं होतं. पूर्वी गाडीबरोबर कंपनीचा एक माणूस जायचा, दुकानात बसून चहा प्यायचा, काय संपलं, कुणाला काय हवंय, ते ऐकून यायचा. चहा पिण्याचा पगार कशाला द्यायचा, म्हणे! झालं, गाडी नुसती खोकी उतरवून पुढे जायला लागली.

भाऊबीजेला मनोहर नेहमीप्रमाणे शहराच्या दक्षिण टोकाला, बेहालाला ताईकडे निघाला. कालिंदीताई त्याची थोरली बहीण. लग्न केलं नव्हतं, मुलींच्या शाळेत गणित शिकवायची आणि दोन खोल्यांत एकटी राहायची. दोघं जन्मले, वाढले कलकत्त्यातच, पण भाऊबीज मात्र आईनं घालून दिली तशीच, पाट-रांगोळीसकट. ताईला बरीच वर्षं साखरेचा आजार होता. रोज सकाळी ती स्वतःच्या हातानं इन्शुलिनची सुई टोचून घ्यायची. बाटली पाणी भरलेल्या मातीच्या गाडग्यात गार ठेवायची. औषध मनोहरच्याच कंपनीचं, पण घ्यायची मात्र कोपऱ्यावरच्या श्यामसुंदरबाबूंच्या दुकानातून, पैसे मोजून. भावाकडून फुकट घ्यायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. इतकी भिडस्त बाई साऱ्या बंगालात दुसरी नसेल.

दार उघडलं तेव्हाच मनोहर चपापला. ताई पार वाळली होती.

"काय गं, किती बारीक झालीस?"

"दिवाळीची कामं रे. बस तू पाटावर." ती घटाघटा तांब्याभर पाणी प्यायली.

पण आमच्या साहेबांना धीर कुठला! पाटावर बसल्या बसल्या यंत्राचं पुराण सुरू. "आणि गंमत सांगू? तुझ्या बेहालाला इन्शुलिनची मागणी किती काढलीय त्यानं? शून्य! तब्येती सुधारल्या बरं का तुम्हा लोकांच्या!"

ताई हसली. काहीतरी बोलणार होती, पण तिनं मान खाली घातली आणि निरांजन लावलं. ओवाळून झालं. मनोहरनं करंजी उचलून तिच्या तोंडाशी नेली.

"नको रे."

"एक! माझी शपथ आहे. सुई तर घेतेसच ना रोज?"

भावाची शपथ मोडायची कशी? तिनं खाल्ली. वर त्यानं दुसरीही खायला लावली. मग ताट आत नेण्यासाठी ती उठली आणि उभ्या उभ्याच कोसळली. ताट, निरांजन, तांदूळ, सगळं खोलीभर पसरलं.

"ताई! अगं ताई!" मनोहरनं तिला उचलून धरलं. तिचा श्वास भात्यासारखा चालला होता आणि त्याला पिकल्या फळासारखा वास येत होता. शेजाऱ्यांनी टॅक्सी आणली. इस्पितळात डॉक्टरांनी वास घेतला, डोळे पाहिले आणि ते मनोहरवरच खेकसले, "इन्शुलिन का बंद केलंत हिचं?"

"बंद? छे हो! रोज घेते ती!"

"कित्येक दिवसांत घेतलेलं नाही हिनं. घरात कुणाचं लक्ष नाही का?"

मनोहर तिथेच फरशीवर बसला. गणित शिकवणारी बाई, स्वतःचं औषध विसरेल?

दुसऱ्या दिवशी ताईनं डोळे उघडले. जीव वाचला होता.

"दुकानात मिळेना रे," ती पुटपुटली. "मागे सगळं शहर बंद होतं ना, त्या वेळी तुमची गाडी आलीच नाही. नंतर आली ती थोडंच घेऊन, मग त्याहून थोडं. मी निम्मं निम्मं घेऊन पुरवलं. मग तेही संपलं, आणि लांब जाऊन आणायचं तर अंगात बळ नव्हतं."

"अगं, मग मला सांगायचं! माझ्या गोदामात खच पडलाय!"

"तू इतक्या खुशीत होतास. म्हटलं, आज ना उद्या येईलच. कशाला तुला त्रास..."

मनोहर बोटांवर एकेक मोजत गेला. बंदमध्ये गाडी गेली नाही, म्हणून दुकानात माल नाही. माल नाही, म्हणून खप नाही. खप नाही, म्हणून यंत्रानं माल कमी केला. कमी करता करता शून्यावर आणला. आणि त्या शून्याखाली सही कुणाची? मनोहर आगटेची! वर हसलासुद्धा होता तो. शपथ घालून करंज्या चारल्या होत्या. त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तो उठला तो तडक गोदामात. कुणाला न विचारता बर्फाच्या पेटीत इन्शुलिनच्या बाटल्या भरल्या आणि पेटी स्वतः उचलून श्यामसुंदरबाबूंच्या दुकानात नेऊन आदळली. बाबूंच्या कपाळावर काल भाऊबीजेला बहिणीनं लावलेला चंदनाचा टिळा अजून पुसट दिसत होता.

"घ्या, लवकर घ्या," मनोहर धापा टाकत म्हणाला. "ताई बरी आहे. आणखी कोण कोण न्यायचं हे औषध? सगळ्यांना आत्ताच निरोप धाडा. मी थांबतो."

"बरेच जण न्यायचे. काही शहराच्या मध्यावर, पार धर्मतल्यापर्यंत जाऊन आणायला लागले," बाबू हळूच म्हणाले. "पण बोसमास्तरांना कुठलं जमायला? पायानं अधू माणूस. रोज निरोप पाठवायचे, आलं का म्हणून. मी तुमच्या गाडीवाल्याला सांगायचो. तो म्हणायचा, आता विचारायचं काम आमचं नाही."

"मग त्यांना पहिलं द्या!" मनोहरनं पेटीतली एक बाटली उचलली. "चला, मीच घेऊन जातो. घर कुठंय त्यांचं?"

बाबूंनी फळीवरून स्टीलची एक छोटी डबी काढली आणि उघडून त्याच्यापुढे ठेवली. आत काचेची सिरिंज होती, उकळून स्वच्छ पुसलेली.

"त्यांची परगावी दिलेली मुलगी परवा देऊन गेली. म्हणाली, कुणा गरजूला द्या, आमच्याकडे आता लागत नाही."

मनोहर त्या सिरिंजकडे बघत राहिला. हातातली बाटली पेटीत परत ठेवायचंही त्याला सुचलं नाही.