दोघांची तिकिटं

नवऱ्याच्या मागे साठ-सत्तर पावलांचं अंतर ठेवून ऑपरेटरबाई चालल्या होत्या. ते वळले की वळायचं, ते थांबले की जवळच्या दुकानासमोर उभं राहून आतल्या वस्तूंमध्ये फार रस असल्यासारखं करायचं. आतापर्यंत त्यांनी नळाच्या तोट्या, तान्ह्या मुलांचे बूट आणि एका दातांच्या डॉक्टरची पाटी अशा तीन गोष्टी मोठ्या आस्थेनं न्याहाळल्या होत्या. लग्नाला चौतीस वर्षं झाल्यावर परक्या देशात आपण नवऱ्याचा पाठलाग करू, असं कुणी पूर्वी फोनवर सांगितलं असतं, तर बाईंनी त्याची लाईन सरळ मनोविकार विभागाला जोडून दिली असती.

संशय वगैरे काही नव्हता. तसल्या भानगडीत पडायचं तर निदान बोलता तरी यावं लागतं, आणि नवऱ्याला, म्हणजे बाइंडरना, इथल्या भाषेतले ‘पाव’ आणि ‘धन्यवाद’ हे दोनच शब्द येत होते. बाईंना होती ती निव्वळ उत्सुकता. रोज सकाळी नऊ वाजता ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणून हे बाहेर पडत आणि साडेअकराला परत येत. अडीच तासांत मोकळे होऊन होऊन पाय किती मोकळे होणार?

उत्सुकता हा बाईंचा जन्मजात रोग होता. एका मोठ्या हॉस्पिटलात त्या एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. जिन्याखालची खोली, तिला खिडकी नाही, समोर बोर्ड आणि कानावर हेडफोन. नाना गावांचे लोक फोन करायचे. वॉर्डाची लाईन लागेपर्यंत बाई त्यांना विचारायच्या, ‘तुमच्याकडे नदी आहे का हो? शेतात काय असतं? आत्ता थंडी पडलीय का?’ एकदा यावरून त्यांना मेमोही मिळाला होता. एकतीस वर्षांत कितीतरी गावं त्यांच्या कानांवरून गेली, डोळ्यांसमोरून मात्र एकही नाही.

बाइंडर एका छापखान्यात पुस्तकं बांधायचे. बाईंच्या निवृत्तीच्या चार वर्षं आधीच तिथं मशीन आलं आणि ते घरी बसले. मग एकदा भाच्यानं या देशाचं नाव काढलं. म्हणाला, मामी, तिथं राहायला निम्म्यात भागतं, आणि बसनं कुठंही जाता येतं. बाईंनी ते मनावर घेतलं. घर भाड्यानं द्यायचं, पेन्शनमध्ये इथं राहायचं, शिल्लक पडेल त्यात फिरायचं. नणंद म्हणाली, “घर सोडून जायचं एक वय असतं, वहिनी. ते तुमचं उलटून गेलं.” बाइंडरना विचारलं तेव्हा ते ‘तू म्हणशील तसं’ एवढंच म्हणाले. बाईंनी तो होकार धरला आणि बॅगा भरायला घेतल्या.

पाच महिन्यांत त्यांनी सात ठिकाणं पाहिली. कड्यात कोरलेली घरं, मिठाची तळी, एक भलामोठा पूल, जो अर्ध्यातच थांबला होता आणि का थांबला ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं. बाई प्रत्येक ठिकाणी हातवारे करून, चित्रं काढून, माणसांना थांबवून थांबवून विचारत. बाइंडर मागं पिशवी घेऊन उभे असत. कधी कंटाळा दाखवला नाही, कधी कुरकुर नाही. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

गेल्या रविवारी मात्र बाईंच्या कानाला काहीतरी खटकलं. बाइंडर बहिणीशी फोनवर बोलत होते आणि बाई आत कपडे घड्या करत होत्या. “आमचं काय, इकडे एकदम झकास,” बाइंडर म्हणाले. बाईंच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. हॉस्पिटलातून घरी फोन करणारी माणसं हजारदा असंच बोलायची. रुग्ण आत असायचा आणि घरच्यांना सांगायचं असायचं की काळजीचं काही नाही. ‘एकदम’ या शब्दावर असा जोर द्यावाच लागायचा, नाहीतर आवाज घसरायचा. आपला कान म्हातारा झाला असेल, असं बाईंनी स्वतःला समजावून पाहिलं. पण कान ऐकेना. म्हणून आजचा पाठलाग.

बाजाराच्या मागच्या गल्लीत बाइंडर थांबले. एका जुन्या दुकानाच्या काचेसमोर ते हात पाठीमागे बांधून उभे राहिले, सवयीची जागा असावी तसे. बाई समोरच्या फुटपाथवर एका गाडीच्या आडोशाला थांबल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली, बाइंडर हलले नाहीत. मग बाईंचं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. पाठीमागे बांधलेल्या हातांची बोटं हलत होती. अंगठा आणि तर्जनी मिळून काहीतरी ओढत होती, थांबत होती, पुन्हा ओढत होती. दोरा. पुस्तक शिवताना ओढतात तसा हे दोरा ओढताहेत, हे बाईंना कळलं.

रस्ता ओलांडून त्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. काचेच्या आत एक हडकुळी बाई चष्मा कपाळावर सरकवून पुस्तकाचे फर्मे, घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवत होती. टेबलावर खळीचं भांडं, पुठ्ठ्यांची चळत, कोपऱ्यात लाकडी दाबयंत्र.

बाइंडर दचकले नाहीत. एवढंच म्हणाले, “ती गाठ चुकीची मारते. वर्षभरात सुटणार ती.”

“मग आत जाऊन सांगा की.”

“काय सांगू? भाषा कुठं येते?”

“गाठीला काय भाषा लागते?” बाई म्हणाल्या. ते काही बोलायच्या आत त्यांनी दार ढकललं.

आत गेल्यावर काय बोलायचं ते बाईंनाही ठाऊक नव्हतं. पण त्यांच्या पर्समध्ये एक जाड वही असायची. इथले नवे शब्द त्या तिच्यात लिहून ठेवत. वही बाइंडरनीच बांधलेली, कापडी पाठीची. बाईंनी ती त्या हडकुळ्या मालकिणीपुढे ठेवली आणि मागून आत आलेल्या बाइंडरकडे बोट केलं. मालकिणीनं चष्मा खाली घेतला. वही उघडली, पार मागे वाकवली, पाठीवरून अंगठा फिरवला, शिलाईत नख घालून पाहिलं. त्यात बराच वेळ गेला. मग तिनं शेजारचं स्टूल पायानंच बाहेर ओढलं आणि हातातली सुई बाइंडरसमोर धरली.

त्या दिवशी ते दीड वाजता घरी आले. हाताला खळीचा वास होता आणि जेवताना ते सलग वीस मिनिटं बोलले. इथला दोरा कसा मेणाचा, पुठ्ठा कसा दमट, मालकीण कशी हट्टी आणि गाठ दाखवल्यावर कशी लहान मुलीसारखी हसली. बाई ऐकत राहिल्या. इतकं बोलणं त्यांनी चार वर्षांत या माणसाकडून ऐकलं नव्हतं.

आधी आठवड्यातून तीन सकाळी, मग रोज, मग दुपारीसुद्धा. मोबदल्याचं बोलणं कधी झालंच नाही. मालकीण शनिवारी परसातली टोपलीभर फळं द्यायची, तेवढंच. बाईंना आनंद झाला होता आणि तो खराही होता. पण पुढच्या सहलीला बाइंडर दोन दिवसांऐवजी एकाच दिवसात परतायचं म्हणाले. त्याच्या पुढची सहल एक आठवडा लांबली, मग दोन. दरम्यान बाईंनी भिंतीवरच्या नकाशात एक नवं गाव शोधून काढलं होतं. बस तिथं डोंगराच्या कडेकडेनं सहा तास जाते, असं त्यांना कळलं होतं. त्यांनी शुक्रवारची दोन तिकिटं काढून आणली आणि टेबलावर ठेवली.

बाइंडरनी तिकिटांकडे पाहिलं आणि हात धुवायला गेले. हात धुवायला त्यांना फार वेळ लागला.

“शुक्रवारी नाही जमायचं,” ते टॉवेलला हात पुसत म्हणाले. “शाळेची पुस्तकं आलीत, दोनशे. शनिवारी द्यायचीत.”

“पुढच्या शुक्रवारी जाऊ मग.”

“पुढच्या शुक्रवारीही दुसरं काहीतरी असेल.”

बाई खुर्चीत बसल्या. त्यांना राग आला होता, आणि राग आला की त्यांचा आवाज उलट अगदी मऊ व्हायचा, बोर्डावर व्हायचा तसा. “आपण इथं आलो कशासाठी?” त्यांनी विचारलं. “दोघांनी मिळून जग बघायचं, असंच ठरलं होतं ना?”

“तू फिरायला आलीस,” बाइंडर म्हणाले. “मी तुझ्याबरोबर आलो.”

त्यात टोमणा नव्हता. पावसाळी हवा आहे असं कुणी सांगावं, तसं ते बोलले. बाईंनी ते वाक्य मनातल्या मनात दोनदा फिरवून ऐकलं. त्यात कुठंही कसलाही जोर दिलेला नव्हता. बाईंना पाहिलेली सगळी ठिकाणं आठवली, आणि प्रत्येक ठिकाणी चार पावलं मागे, पिशवी या हातातून त्या हातात घेत उभा असलेला हा माणूस. त्यांनी त्याला एकदाही विचारलं नव्हतं, तुम्हाला काय बघायचंय. सगळ्या जगाला विचारत सुटल्या होत्या.

“मला तिथं गेल्यावर काय करावं तेच कळत नाही गं,” बाइंडर खाली बसत म्हणाले. “तू बघतेस. मी तुझं बघून व्हायची वाट बघतो. वाईट वाटत नाही मला, खरंच. पण आता इकडे पुस्तकं पडलीयेत, तर तिकडे उभं राहवणार नाही.”

“आधी का नाही बोललात?”

“एकतीस वर्षं तू त्या जिन्याखाली काढलीस. तेव्हा मी कुठं काय बोललो होतो? आता तुझी बघायची वेळ आली, तर मध्ये कशाला यायचं म्हटलं.”

चहा ठेवायला म्हणून बाई उठल्या. परत फिरायचं का, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. पण परत जाऊन हे कुठं बसणार, खिडकीशी पेपर धरून? आणि आपण तरी? कप पुढे ठेवताना त्यांनी विचारलं, “एकटी गेले तर चालेल?”

“तुला चालेल का ते बघ,” बाइंडर म्हणाले. मग कप उचलत, “रात्री झोपण्याआधी फोन कर. मी जागा असेन.”

दुसऱ्या दिवशी बाई बसस्थानकाच्या खिडकीशी गेल्या. दोन्ही तिकिटं आत सरकवली आणि त्यातलं एक रद्द करायला बोटानं तिकीटवाल्याकडे लोटलं. तो काहीतरी म्हणाला. दुसरा आजारी आहे का, असं विचारत असावा, कारण त्यानं कपाळाला हात लावून दाखवला. बाईंनी नाही म्हणून मान हलवली आणि हवेत सुईनं शिवल्यासारखं करून दाखवलं. त्याला काही उमगलं नाही, पण त्यानं शिक्का मारला.

शुक्रवारी पहाटे बाइंडर त्यांना बसपर्यंत सोडायला आले. बॅग वर ठेवली, पाण्याची बाटली हाताशी दिली, ड्रायव्हरला नमस्कार केला आणि खाली उतरून काचेबाहेर उभे राहिले. बस हलली तेव्हा त्यांनी हात वर केला आणि लगेच घड्याळ पाहिलं. दुकान आठला उघडतं, हे बाईंना माहीत होतं.

पुढच्या थांब्यावर शेजारच्या सीटवर एक जाडजूड बाई येऊन बसली, मांडीवर कांद्यांची पिशवी घेऊन. ऊन वर आलं. दुसऱ्या तासाला रस्ता डोंगराच्या कडेला लागला आणि एका वळणानंतर पलीकडचा सगळा उतार एकदम उघडा पडला. त्यावर निळ्या रंगाच्या शेकडो लाकडी पेट्या ओळीनं मांडल्या होत्या, आणि माणूस एकही नाही.

“अहो, ते बघा,” बाई सवयीनं शेजारी वळून म्हणाल्या. “काय असेल हो ते?”

कांदेवालीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग पिशवी पोटाशी धरून ती वाकली, बाईंच्या बोटाच्या रोखानं काचेतून बाहेर पाहिलं आणि तिच्या भाषेत बराच वेळ काहीतरी सांगितलं, हातांनी पेटीचं झाकण उघडून, मिटून.

बाईंना त्यातला एकही शब्द कळला नाही. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. डोळे एकदा पुसले, नीट सरसावून बसल्या आणि पुन्हा काचेवर बोट ठेवलं.

“आणि त्या पलीकडे?”