ताजुन्निसा चषक, वर्ष दुसरे

कादर मेस्त्रीने आयुष्यात एकच चोरी केली, तीही स्वतःच्याच न्हाणीघरात. आणि ती अशी गाजली म्हणता!

साल एकाहत्तर. पिंपरीत हमरस्त्यालगत त्याचं गॅरेज होतं. दिघीच्या छावणीतल्या जवानांबरोबर खेळून फुटबॉल शिकलेला हा गडी संध्याकाळी तिथल्या कॉलेजच्या पोरांना शिकवायचा. चाकणच्या कॉलेजाशी सामना त्यानेच ठरवला. पिंपरीच्या कॉलेजचे प्राचार्य उद्धवराव यांनी मोठा चषक जाहीर केला, पुण्याच्या दुकानात सांगून ठेवला, आणि ऐन सामन्याच्या दिवशी दुकानाला कुलूप! पाहुणे येऊन बसलेले, टेबल रिकामं. उद्धवरावांचा चेहरा बघवेना.

कादरने सायकलवर टांग टाकून घर गाठलं. त्याची बायको ताजुन्निसा बहिणीकडे थेरगावला गेली होती. न्हाणीत तिचं तांब्याचं घंगाळ लखलखत होतं. लग्नात बापाने दिलेलं. बाप आता नव्हता, म्हणून ती ते रोज चिंच लावून घासायची. 'आपलीच पोरं जिंकणार, संध्याकाळी घंगाळ जागेवर,' असं म्हणत कादरने ते उचललं.

पोरं दोन-एकने हरली. चाकणवाले घंगाळ डोक्यावर नाचवत ट्रकमध्ये चढले आणि गेले.

रविवारी कादर चाकणला धावला. तिथले शिक्षक जयसिंग यांनी चहा पाजून घंगाळ दाखवलं. पोरांनी बाजारातून त्यावर नाव घालून आणलं होतं, 'चाकण कॉलेज, विजेते, १९७१'. झालं! नाव घातलेलं भांडं परत मागायचं कोणत्या तोंडाने?

"वर जुनंही नाव आहे," म्हणत जयसिंग वाचू लागले, "'बरकत कल्हईवाले यांजकडून चि. ताजुन्निसा हिस.' या ताजुन्निसाबाई कोण, मेस्त्री?"

दारात पोरं कान टवकारून उभी. बायकोचं अंघोळीचं भांडं बक्षीस दिलं, हे सांगायची कादरला लाज वाटली.

"देणगीदार," तो बोलून गेला.

"वा! मग दरवर्षी खेळू की. जिंका आणि न्या." जयसिंगांनी लगेच उद्धवरावांना तसं पत्रही धाडलं.

घरी कादरने सांगितलं, घंगाळ गळत होतं, भोकाला डाग द्यायला टाकलंय. अरे, कल्हईवाल्याच्या लेकीला ही थाप! वर्षभर ती विचारायची, "लागला का तुमचा डाग?" आणि अब्बांच्या आठवणीने डोळे पुसायची. काहीही करून घंगाळ आणायचंच, म्हणून त्याने पोरांना असं पळवलं की ती मनातल्या मनात त्याला शिव्या घालत.

पुढच्या सालच्या सामन्याला सकाळीच गल्लीत टांगा फिरला. वर कर्णा लावलेला. "ताजुन्निसा चषक, वर्ष दुसरे! देणगीदार ताजुन्निसाबाई यांच्या हस्ते..."

तव्यावरची भाकरी तव्यावर ठेवून ताजुन्निसा मैदानावर आली. "मी ताजुन्निसा! कुठाय माझं घंगाळ?"

कादरला वाटलं, आता मेलो. पण तिने पुढे तोंड उघडायच्या आत उद्धवरावांनी हार घालून तिला मधल्या खुर्चीत बसवलं. समोरच टेबलावर घंगाळ. तिने कादरकडे असं बघितलं की बिचाऱ्याला घाम फुटला.

सामना एक-एकवर अडला, आणि शेवटच्या मिनिटाला कादरच्या पोरांनी गोल मारला! कादर लहान पोरासारखा उड्या मारत सुटला.

उद्धवरावांनी घंगाळावरच्या जुन्या नावाची तिच्याकडे चौकशी केली आणि माइक घेतला. "मरहूम बरकतभाई कल्हईवाले यांच्या कन्येच्या हस्ते हा चषक..." सारं मैदान टाळ्यांनी दणाणलं.

ताजुन्निसाने घंगाळ दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

"चल, घरी नेऊ," कादर कुजबुजला.

"तुम्ही गप बसा हो! अब्बा जन्मभर गल्लोगल्ली ओरडत फिरले. त्यांचं नाव काय, कुणी विचारलं नाही. आज एवढ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या." तिने घंगाळ पोरांच्या हातात दिलं. "न्या. तुमचं नाव घाला, पण अब्बांच्या नावाखाली. पुढे कुणीही जिंको, दरवर्षी माइकवर त्यांचं नाव झालं पाहिजे."

आता ब्याऐंशी साल चालू आहे आणि यंदाचं धरून घंगाळावर विजेत्यांची बारा नावं झालीत. कादर अजून पत्र्याच्या डब्यातल्या पाण्यानेच अंघोळ करतो. सामन्याच्या दिवशी मात्र मधल्या खुर्चीमागे उभा राहतो, आणि सासऱ्याचं नाव निघालं की पहिली टाळी त्याची असते.