मनगट आणि कोपर

गिरगावातल्या त्या चाळीच्या सभागृहात रविवारी सकाळी एवढी माणसे जमली, की चाळ कमिटीला गेल्या आठवड्याची आठवण होऊन थोडी लाज वाटली. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला सत्तावीस लोक आले होते आणि त्यांतले नऊ व्यासपीठावर होते. आज व्हरांड्यातही उभे राहायला जागा नव्हती. आज वज्रबाहू महाराज गंडा बांधणार होते.

"भाषणांनी मुंबई मिळायची नाही," महाराज सांगत होते, "मनगटात बळ पाहिजे. ते येतं कुठून? दुधातून येत असतं तर आधी मांजरं बलवान झाली असती. उठाबशांतून येत असतं तर शाळेतली सगळी ढ पोरं आज पहिलवान असती. बळ वरून येतं. ज्याच्यावर उतरेल त्याच्यावर उतरतं."

कमिटीचे चिटणीस श्यामकांत पुढे झाले. त्यांनी उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा धरला. महाराजांनी पंजा अंगाऱ्याच्या ताटलीत बुडवला आणि त्यांचा हात खाली दाबला. सिग्नल पडावा तसा तो पडला. मग महाराजांनी मनगटावर लाल गंडा बांधला, डोळे मिटले, ओठ हलवले, पुन्हा पंजा बुडवून दाबले. हात जागचा हलला नाही. श्यामकांत स्वतःच्या हाताकडे असे पाहत राहिले, जणू तो दुसऱ्या कोणाचा तरी होता.

सुमती शेवटच्या खांबाला टेकून उभी होती. ती मुलींच्या शाळेत ड्रिलची बाई होती. गेली वीस वर्षे ती मुलींना ताठ उभे राहायला सांगत होती आणि तिची पाठ वळेपर्यंत मुली ताठ उभ्या राहतही होत्या. माणसांना काही पटवून देण्याचा तिचा उत्साह केव्हाच संपला होता. आज ती सासूबाईंना घेऊन आली होती, कारण त्या एकट्या जिना उतरू शकत नव्हत्या.

आनंदीबाई त्रेसष्ट वर्षांच्या. विषमज्वरातून उठल्या तेव्हा पायांत काही उरले नव्हते. डॉक्टर म्हणाले, आता टॉनिकपेक्षा व्यायाम द्या. तेव्हा सुमतीने स्वयंपाकघरात एक स्टूल ठेवले. हात न टेकता उठायचे, सावकाश बसायचे. पहिल्या दिवशी दोनदा झाले. पुढे हातांत पाण्याने भरलेले तांबे आले. शेजारणी दारात उभ्या राहून विचारत, "काय आनंदीबाई, कुस्ती कधी?" पण तीन महिन्यांत बारा बैठका होऊ लागल्या आणि गॅलरीच्या टोकाच्या संडासात त्या एकट्या जाऊन एकट्या परत येऊ लागल्या. बाकी कोणाला त्याचे काही वाटले नाही. आनंदीबाईंना फार वाटले होते.

मग पंधरवड्यापूर्वी महाराज आले. गंडा बांधला, हात पडला नाही, आणि आज्ञा झाली: एक्केचाळीस दिवस कसलेही श्रम नाहीत, अंगारा संध्याकाळपर्यंत पुसायचा नाही. स्टूल पलंगाखाली गेले. दहाव्या दिवशी आनंदीबाई संडासात बसल्या त्या उठूच शकल्या नाहीत. श्यामकांतांनी फटीतून फूटपट्टी घालून कडी वर केली, तेव्हा बाहेर अर्धी गॅलरी उभी होती.

"परवा तू नसताना एकदा स्टुलावरून उठले होते," आनंदीबाई रात्री भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या होत्या. "म्हणून शक्ती गेली असणार."

आज त्या नवा गंडा बांधून घ्यायला रांगेत होत्या. त्यांचीही परीक्षा झाली. आधी हात पडला, गंड्यानंतर टिकला. त्या हसतमुखाने सुमतीकडे वळल्या. "बघ, आला परत जोर."

सुमतीने बघितले. रांगेतले हात बघण्याची तिला सवयच होती. आनंदीबाईंच्या हातावर राखेचे दोन पट्टे होते. एक मनगटावर, गंड्याखाली अर्धा झाकलेला. दुसरा थेट कोपराशी. तिने शेजारच्या बाईंचा हात पाहिला, मग श्यामकांतांचा. सगळीकडे तेच. आता बोलावे लागणार, हे लक्षात येऊन तिला कंटाळा आला.

"महाराज," ती पुढे होऊन म्हणाली, "एकदा उलटं करून दाखवता? गंडा नसताना कोपराशी दाबा. गंडा बांधल्यावर मनगटाशी."

"शक्तीची परीक्षा घेऊ नये, माई."

"तासभर दुसरं काय चाललंय?"

कोणीतरी हसले. महाराज म्हणाले, अशा ठिकाणी शक्ती थांबत नाही.

"मग ती जायच्या आत घेऊ या. श्यामकांतभावजी, हात आडवा. गंडा असू दे."

"वहिनी, कमिटीच्या माणसाला कशाला मध्ये," असे म्हणत श्यामकांतांनी हात धरला. सुमतीने मनगटावर दोन बोटांनी दाबले. गंड्यासकट हात खाली आला. तिने गंडा सोडला, कोपराशी अख्खा पंजा ठेवून जोर लावला. हात जागच्या जागी.

"दार कडेला ढकललं की बोटानं उघडतं," ती वर्गात सांगतात त्या आवाजात म्हणाली, "बिजागरीपाशी ढकलून बघा, घाम येईल. खांदा ही बिजागरी. शिवाय दुसऱ्या वेळी तुम्ही सावध असता. ज्यांनी गंडा बांधलाय त्यांनी आपापल्या हातावरचे पट्टे बघा. महाराजांनी स्वतःच उमटवून ठेवलेत."

माणसे हात बघू लागली. सभागृहात काही वेळ कवायत चालल्यासारखे दिसत होते. महाराजांनी ताटली झाकली आणि माहीमला दुसरा कार्यक्रम असल्याचे सांगितले. तिघेचौघे त्यांच्यामागून व्हरांड्यापर्यंत गेले आणि त्यांनी गंडे बांधून घेतलेच. सुमतीने त्यांना अडवले नाही.

जिन्यावर आनंदीबाई तिसऱ्या पायरीला थांबल्या. सुमतीने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"म्हणजे पंधरा दिवस फुकट गेले."

"हो, आई."

"आता किती बैठका व्हायच्या?"

"चार होतील. पाच, जास्तीत जास्त."

"बारा होत होत्या."

"होत होत्या."

आनंदीबाईंनी गंडा काढायचा प्रयत्न केला. गाठ सुटेना. "घरी गेल्यावर काप," त्या म्हणाल्या आणि कठड्याला धरून चौथी पायरी चढल्या.

ज्यांना हे खोटे वाटेल त्यांनी आजच घरी हात आडवा धरावा आणि कोणाला तरी आधी मनगटाशी, मग कोपराशी दाबायला सांगावे. दोन मिनिटे लागतात. मग हात न टेकता जमिनीवरून उठून पाहावे. उठता आले नाही तर उद्यापासून खुर्चीवरून उठण्याचा सराव करावा, थोडा थोडा वाढवत. काम दिले की स्नायू भरतो, काम काढले की आटतो. साठीनंतरही हा नियम बदलत नाही. याला वेळ लागतो आणि बघायला कोणी जमत नाही.

आनंदीबाईंना पुन्हा बारा बैठकांवर यायला सव्वादोन महिने लागले. त्या सकाळी सुमती गॅलरीच्या टोकाला बंद दारापुढे उभी होती. फूटपट्टी तिने पदराआड धरली होती, सासूबाईंना दिसू नये म्हणून. आत बराच वेळ काही आवाज नव्हता. मग कडी आतून निघाली.

"इथं काय करतेस?" आनंदीबाई म्हणाल्या. "शाळेला उशीर होतोय तुला."