साळवीकाकांचा सत्कार

लेख होताच तसा. रविवारच्या पुरवणीतलं अख्खं पान. जितेश पेडणेकरने ते फुटबॉलवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं आणि एरवी रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी मंडळी चिडीचूप वाचत बसली. एका मोठ्या क्लबच्या यशामागे म्हणे एक म्हातारा होता. कोच त्याला सामन्यांचे व्हिडिओ पाठवायचा. म्हातारा घरात बसून ताटात एका संघाचे चणे आणि दुसऱ्याचे वाटाणे मांडायचा, त्याचा फोटो परत पाठवायचा, आणि पुढच्या सामन्यात क्लब तसाच खेळायचा. लेखात नाव नाही, गाव नाही, फोटो नाही. म्हाताऱ्याची अटच होती तशी.

नया नगरच्या टर्फवर खेळून झाल्यावर सुरुचीने तो मोठ्याने वाचला. ती बँकेतली, आवाज खणखणीत. ‘मैदानाकडे त्यांनी पाठ फिरवली ती कायमची. का, असं विचारलं की ते ताटातले वाटाणे सारखे करू लागतात.’

“क्या लिखा है यार! एक बार और पढ़ ना,” कुणीतरी म्हणालं.

तिने पुन्हा वाचलं. दिवसभर स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारणाऱ्या जितेशच्या अंगावर काटा आला. शब्दांचं असं सुख त्याच्या वाट्याला क्वचितच यायचं.

काट्याला दुसरंही कारण होतं. मागे गच्चीची किल्ली मागायला तो हाटकेश भागातल्या आपल्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गुणवंत साळवींकडे गेला होता. टेबलावर ताट होतं, ताटात चणे-वाटाणे ओळीने मांडलेले. एकटा माणूस, निवडत असेल, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

त्याच संध्याकाळी त्याने त्यांचं दार वाजवलं. “काका, ते तुम्हीच ना?”

साळवींचा चेहरा पडला. “जितेश, माझं नाव कुठे घेऊ नकोस. हात जोडतो तुला.” आणि त्यांनी खरोखरच हात जोडले.

इथे जितेश चुकला, आणि त्याच्या जागी आपणही चुकलो असतो. आपल्याकडे सत्कार म्हटला की माणूस आधी नको-नकोच म्हणतो. लगेच हो म्हणेल त्याला लोक हपापलेला म्हणतात. जितेशच्या वडिलांनी निवृत्तीच्या वेळी आठवडाभर नको-नको केलं आणि त्या दिवशी सगळ्यांच्या आधी सफारी चढवून बसले. तेव्हा जितेशने जोडलेल्या हातांचा अर्थ आपल्या पद्धतीने लावला आणि गेटवर बॅनर चढवला: ‘आमच्या इमारतीचे भूषण, फुटबॉल मार्गदर्शक श्री. गुणवंत साळवी’. फोटो गणपतीतल्या ग्रुपफोटोतून कापून घेतला.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला इमारतीच्या आवारात चाळीसेक जण जमले. साळवींना दोघांनी दंडाला धरून खाली आणलं. “लाजतायत काका,” जितेश हसत म्हणाला. शाल घातली, नारळ दिला. साळवी सारखे गेटकडे बघत होते. सुरुचीने लेखातलं ते वाक्य वाचलं आणि टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्या तेव्हा खुर्च्यांच्या मागे एक साठीची बाई उभी होती. हातात भाजीची पिशवी. नवघर गावातली, हे बोलण्यावरूनच कळलं.

“पाठ का फिरवली त्या मना ठावं हाय,” ती म्हणाली. “रिक्षातून फोटो बघला ह्याचा. उतरलू.”

साळवी उठून उभे राहिले. “वासंतीबाई,” ते इतकंच म्हणाले.

मग तिने सांगितलं, आणि चाळीस माणसांनी ऐकलं. तिचा मुलगा साईराज एकोणीस वर्षांचा होता. हे साळवी तेव्हा नवघरच्या पोरांचे कोच. मे महिन्यातली दुपार. साईराजने आदल्या दिवशी पेनल्टी चुकवली म्हणून मैदानाला वीस फेऱ्यांची शिक्षा. बाकीची पोरं घरी गेली होती, मैदानात दोघंच. साईराज पडला तो उठलाच नाही. कागदावर कारण उष्माघात लागलं. महिन्याभरात साळवी भाड्याची खोली सोडून गेले, कुठे ते कुणाला कळलं नाही.

जितेशला जमीन दुभंगावी असं वाटलं. ज्या वाक्याला त्याने दोनदा दाद दिली होती, त्याच्यामागे एक पोरगा मरून पडला होता. आणि हात जोडणाऱ्या माणसाला ओढून त्यानेच इथे आणून बसवलं होतं. तो पुढे झाला. “मावशी, आपण वर जाऊन बोलूया, चला.”

“तू थांब रं.” तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. “मी भांडाला न्हाय आलू. नऊ वरसां ह्याला हुडकतंय ती येकच इचाराला. ” ती साळवींकडे वळली. “तू येकटाच व्हतास त्याचे जवल. शेवटी काय बोलला माजा साईराज?”

खोटं बोला काका, जितेश मनातल्या मनात विनवत होता, आयुष्यात एकदा खोटं बोला. आईचं नाव घेतलं म्हणा, देवाचं घेतलं म्हणा.

साळवींनी खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली.

“पाणी मागत होता,” ते म्हणाले. “मी म्हटलं, अजून दोन फेऱ्या राहिल्यात.”

वासंतीबाईंनी मान हलवली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“मना वाटाचा,” ती म्हणाली, “मना हाक मारली आसंल.”