चवीपुरता ब्रेड

गणपतरावांच्या डाव्या पायाच्या बोटावर मिसळीच्या उकळत्या कटाचा, म्हणजे झणझणीत रश्श्याचा, थेंब उडाला तो नवरात्राच्या आधी. दिवाळी उलटून गेली तरी जखम भरायचं नाव घेईना. मिसळीच्या धंद्यात पाय भाजणं काही नवीन नाही. वडिलांच्या वेळेपासून कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्यांच्या दुकानात भाजलं की हळद लावायची आणि कामाला लागायचं, एवढाच उपचार होता. या वेळी हळदीनं काही झालं नाही, मलमानंही नाही. शेवटी बोट काळपट दिसायला लागलं तेव्हा क्रांतीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि कागद समोर ठेवला. "शुगर खाली आली नाही तर जखम भरणार नाही. जखम भरली नाही तर बोट काढावं लागेल. तीन आठवडे बघू."

गणपतराव घाबरले. वय सत्तावन्न, आजवर दवाखान्याची पायरी चढली ती दुसऱ्यांना भेटायला. घरी येऊन त्यांनी पायमोजा काढला आणि ते बोट बराच वेळ बघत बसले. एवढंसं बोट, पण ते जाणार म्हटल्यावर जीव टांगणीला लागला.

डॉक्टरांनी त्यांना आहार सांगणाऱ्या शिवलीलाकडे पाठवलं. ती मूळची गडहिंग्लजची, राजारामपुरीत तिची छोटी खोली. बोलायला गोड, पण हिशेबाला पक्की. "काका, गोळ्या डॉक्टर बघतील. आपण ताट बघायचं," ती म्हणाली. साखर, गूळ, भात बंद. दोन भाकरींची एक, तीही पातळ. अंडी, मासे, मटण, पालेभाज्या चालतील. तांबडा-पांढरा रस्सा चालतोय म्हटल्यावर गणपतरावांना ही बाई एकदम पटली. मग तिनं त्यांच्या हातात एक वही दिली. तोंडात जे जे जाईल ते सगळं हिच्यात लिहायचं, एक शेंगदाणासुद्धा सोडायचा नाही.

गणपतरावांनी वही इमानेइतबारे लिहिली. दोन अंडी. मेथीची भाजी. पाऊण भाकरी. चहा, बिनसाखरेचा, तोंड वाकडं करून. दहा दिवस लिहिली. आणि दहाही दिवस सकाळी नऊला हाताच्या बोटाला सुई टोचली की मशीनवर दोनशे साठ, दोनशे ऐंशी असे आकडे यायचे.

शिवलीलानं मग क्रांतीला फोन केला. "आक्का, वही चांगली हाय, पण आकडे खोटं बोलत न्हाईत. काका बाहेर काहीतरी खातायत बघा."

क्रांतीला राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. दहा दिवस ती स्वतःसुद्धा भात सोडून बसली होती, त्यांना एकट्यांना कशाला जड जावं म्हणून. नवरा जेवायला बसला तसं तिनं विचारलं, "अवो, चोरून काय खाताय?"

"अंबाबाईची शपथ, काय बी न्हाई."

"मग शुगर काय वाऱ्यानं चढतीया?"

"मला काय ठावं! लिवलंय न्हवं सगळं?"

माणूस खोटं बोलतोय असं तोंडावरून वाटत नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यांचं खोटं तिला लगेच ओळखू यायचं, त्यांचा उजवा कान लाल व्हायचा. आज कान जसाच्या तसा होता. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती न सांगता दुकानात जाऊन उभी राहिली.

ती दुकानाच्या भटारखान्यात क्वचितच आली होती. म्हणजे मिसळीत तिचा हात नव्हता असं नाही. लग्न झाल्यापासून अठ्ठावीस वर्षं कटाचा मसाला तीच घरी भाजत आली, कुटत आली. स्टीलचे डबे भरून दुकानात जायचे, ती घरीच राहायची. चुलीपुढं पुरुषांनीच उभं राहायचं असा सासऱ्यांचा नेम होता. सासरे गेले, नेम तसाच राहिला. तो मोडावा असं कुणाच्या मनातच आलं नाही.

चुलीवर तीन मोठी पातेली होती. गणपतरावांनी पहिल्या पातेल्याचं झाकण काढलं, ब्रेडच्या लादीतली एक जाड स्लाईस घेतली, कटात बुडवली, जरा थांबले आणि खाल्ली. मग मीठ टाकलं, ढवळलं, दुसरी स्लाईस बुडवली, खाल्ली. मान हलवली. दुसऱ्या पातेल्याकडे वळले. तिथं दोन. तिसऱ्यात दोन. शेवटी एका वाटीत मटकी, फरसाण, कांदा आणि कट असं एकत्र करून आणखी एक, सगळं जमलंय का ते बघायला.

"सात," क्रांती म्हणाली.

गणपतराव दचकले. "काय सात? आणि तू हितं कशी?"

"सात ब्रेड खाल्ला तुमी."

"ब्रेड कुठं खाल्ला मी?"

"आत्ता. माज्या डोळ्यांदेखत."

गणपतरावांना खरोखर कळेना ही काय बोलते. तिनं लादीकडे बोट दाखवलं तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला, आणि तरीही ते ठामपणे म्हणाले, "अगं, हे खाणं न्हवं. हे काम हाय!"

क्रांतीनं तिथूनच शिवलीलाला फोन लावला आणि आवाज मोठा केला. शिवलीला आधी खूप हसली. मग एकदम हसायची थांबली.

"काका, मिसळीचा जाड ब्रेड म्हंजे एका स्लाईसमधी अठरा-वीस ग्रॅम कार्ब, पोटात जाऊन साखरच हुतीया त्याची. दिवसाला शंभर खायचं ठरलंय आपलं. तुमचं सकाळी सातच्या आत सव्वाशेच्या वर गेलं. नुसत्या कामात!"

"मग कट बघायचा कसा?"

"चमच्यानं बघा की."

"चमच्यानं नुसता रस्सा कळतोय. गिऱ्हाईक काय चमच्यानं पितंय व्हय? ब्रेड बुडवून खातंय. ब्रेडनं कट पिला की मगच मीठ कळतंय."

"मग चावा आणि थुंकून टाका."

यावर गणपतराव असे भडकले की फोनची गरजच उरली नाही, राजारामपुरीपर्यंत आवाज तसाच गेला असता. "अन्न थुकू? आणि चुलीम्होरं?"

शेवटी शिवलीलानंच तोड काढली. तिच्या ओळखीची एक बेकरी लो-कार्ब ब्रेड करते. बदामाचं पीठ, जवस, अंडी, आणि गव्हातला फक्त चिकट भाग. एका स्लाईसला तीन ग्रॅम. "पण काका, पाकिटावर लो-कार्ब लिवलंय म्हणून लादी संपवायची न्हाई. ह्या स्लाईस छोट्या असत्यात, दोन खाल्ल्या की पोटाला कळत न्हाई आणि माणूस सहा खातंय. खाल तेवढं वहीत लिवा. चवीचं बी."

ब्रेड आला. तपकिरी, जड, हाताला ओलसर. गणपतरावांनी नाक मुरडलं, पण बोटाची आठवण काढून खाल्ला. चवीच्या सातही स्लाईस आता त्याच, आणि सगळ्या वहीत. चौथ्या दिवशी नऊ वाजता मशीनवर एकशे अठ्ठ्याहत्तर आले. आठव्या दिवशी एकशे बावन्न. जखमेच्या कडेला गुलाबी रंग दिसायला लागला. डॉक्टर म्हणाले, "बोट वाचेल असं वाटतंय. आता मात्र ढिलाई नको." क्रांतीनं त्या दिवशी अंबाबाईला जाऊन ओटी भरली.

इकडे दुकानात मात्र वेगळंच सुरू झालं होतं. लोक मिसळ खात होते, पैसे देऊन जात होते, पण दुसऱ्यांदा कट मागत नव्हते. कोल्हापुरात माणूस मिसळ खातोय आणि कट मागत नाही म्हणजे एक तर तो आजारी आहे, नाही तर रागावलाय. सगळं गाव एकाच वेळी आजारी पडणं शक्य नव्हतं. गुळाचे व्यापारी मल्लाप्पा वीस वर्षांचं गिऱ्हाईक, रोज सकाळी पहिल्या बाकड्यावर. त्यांनी एक दिवस वाटी बाजूला सारली. "गणपतराव, मीठ सांडलं काय हो आज?" दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आज तिखट सांडलं." तिसऱ्या दिवशी काहीच न बोलता अर्धी मिसळ टाकून गेले. ते गणपतरावांना सगळ्यात जास्त लागलं.

दुपारी अर्धं पातेलं शिल्लक राहिलं. असं वडिलांच्या वेळेला झालं नव्हतं, त्यांच्या स्वतःच्या वेळेलाही नव्हतं. गणपतरावांनी पातेल्यात तो तपकिरी ब्रेड बुडवला आणि या वेळी खाण्याआधी नीट बघितला. कट आत शिरतच नव्हता. तवंग वरच्या वर घसरत होता. जिभेवर आधी बदाम येत होता, मग अंडं, मग कुठं जरासा कट. म्हणून मीठ कमी वाटायचं आणि ते टाकत राहायचे. तिखट कमी वाटायचं, तेही टाकायचे. ब्रेड पोटाला चांगला होता. जिभेच्या कामाचा नव्हता.

शेजारी साध्या ब्रेडची लादी होती. मऊ, पांढरी. एक स्लाईस, एकच, आणि सगळं कळलं असतं. गणपतरावांचा हात तिथवर गेला. पण रोजची एक म्हणजे एक राहत नाही, तीन पातेल्यांची सात होते, हे आता त्यांना पाठ झालं होतं. त्यांनी हात मागं घेतला. फार वाईट वाटलं त्यांना. चाळीस वर्षं ज्या कामाची मान ताठ ठेवली ते काम आपल्याच्यानं होत नाही, हे कळायला लागलं की माणसाला कुठं बघावं ते सुचत नाही.

रात्री जेवताना ते भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "उद्या सकाळी जरा येशील काय दुकानात?"

"कशाला?"

"कट बघाय."

क्रांतीनं घास गिळला. मग म्हणाली, "मला कधी बघाय लावलाय कुणी? मला येतंय का न्हाई, कुणाला ठावं?"

"मसाला तुजाच की."

"मसाला माजा हाय हे आज आठवलं व्हय?" एवढं बोलून ती उठली, ताटं गोळा केली आणि आतून विचारलं, "किती वाजता?"

सकाळी सहाला ती चुलीपुढं उभी राहिली. पदर खोचून तिनं पांढरी स्लाईस बुडवली आणि सावकाश खाल्ली. गणपतराव तिच्या तोंडाकडे बघत होते, निकाल लागायच्या वेळेला पोरं बघतात तसे.

"मीठ बास," ती म्हणाली. "पण कांदा कच्चा लागतोय. आणि धा मिन्टं उकळू दे."

"धा मिन्टं? अगं, तर्री करपंल. चाळीस वर्षांत मी ह्याच्या फुडं कधी उकळलं न्हाई."

"कच्चा हाय."

"तुला न्हाई कळत…"

"मग मला कशाला आणलंय?"

गणपतरावांनी ब्रेडच्या लादीकडे बघितलं. आत्ता खाऊन बघितलं असतं तर कोण खरं ते तिथल्या तिथं कळलं असतं. बोट पायमोज्यात ठसठसत होतं. ती बघत होती, पण तिनं लादी उचलून बाजूला ठेवली नाही, त्यांना अडवलंही नाही. त्यांनीच शेवटी गॅस मोठा केला. "उकळू दे," ते म्हणाले.

दुकान उघडायला उशीर झाला. बाहेर माणसं कुरकुरत उभी राहिली. आठच्या सुमारास गणपतराव पहिल्यांदाच गिऱ्हाइकासारखे बाकड्यावर बसले. क्रांतीनं त्यांच्यापुढं थाळी ठेवली. वाटीभर मटकी, वर कट, फरसाण नाही, उकडलेलं अंडं आणि तपकिरी ब्रेडच्या दोनच स्लाईस. त्यांनी आधी ते वहीत लिहिलं, मग खायला घेतलं. समोर मल्लाप्पा खात होते. मल्लाप्पांनी वाटी रिकामी केली, पुढं केली, म्हणाले, "कट आणा." मग परत एकदा, "कट." तिसऱ्यांदा वाटी पुढं करताना ते मोठ्यानं म्हणाले, "गणपतराव, आज तुमचा हात जाग्यावर आला बघा!"

आजूबाजूच्या चार माणसांनी माना डोलावल्या. गणपतरावांच्या तोंडात घास होता. गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं. क्रांती कट घेऊन तिथंच उभी होती आणि त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हती.

"हात माजा न्हवं," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखा चढला नाही, म्हणून त्यांनी परत सांगितलं, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं. "मला आता चव बघता येत न्हाई. आजचा कट हिनं बघितलाय. हितनं फुडं हीच बघणार. आणि मसाला तर अठ्ठावीस वर्षं हिचाच हाय, तुमास्नी कुणी सांगितलं न्हाई, मी बी न्हाई."

मल्लाप्पांनी वाटी गणपतरावांकडून फिरवून क्रांतीपुढं धरली. "मग वैनी, घाला की सडळ हातानं." माणसं हसली. क्रांतीनं कट वाढला. मग नवऱ्याच्या जवळ येऊन, फक्त त्यांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "हे सांगाय बोट सडावं लागलं व्हय तुमचं?"

गणपतरावांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"लागलं," ते म्हणाले.