नोंद नसलेली साखर

ती लॅबमधून घरी आली तेव्हा पायांचे तुकडे पडले होते, आणि धाकटी नणंद विम्याचे कागद पसरून टेबलाशी बसली होती.

"वहिनी, हात धू आणि बस. दहा मिनिटांचं काम आहे."

"तुझी दहा मिनिटं मला माहीत आहेत," म्हणत तिने खुर्चीत अंग टाकलं.

नवरा आतल्या खोलीत पाठीला पट्टा बांधून पडला होता. वर्कशॉपमधलं काम सुटून त्याला आठ महिने झाले होते. कमावणारी आता ती एकटी. तीच अंथरुणाला खिळली तर दवाखान्याचं बिल कुणी भरायचं? म्हणून तर तिने नणंदेला बोलावलं होतं. नणंद चार वर्षं विमा विकत होती.

"हा आयुर्विमा. तू गेलीस तर मागच्यांना पैसे. आणि हा आरोग्य विमा. तू दवाखान्यात गेलीस तर बिल. आधी हा घे. हल्ली मरण स्वस्त पडतं, जगणंच महाग."

"तुझ्या जिभेचा विमा उतरवतात का बघ," आतून आवाज आला.

"तू झोप रे दादा!" नणंद स्वतःच फॉर्मवर खुणा करू लागली. "रक्तदाब, नाही. दमा, नाही. मधुमेह, ना..."

"थांब," ती म्हणाली.

लॅब छोटी. सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी मशीन नीट चालतंय ना हे बघायला ती स्वतःचंच रक्त लावायची. उपाशीपोटी, रोज, वर्षानुवर्षं. साखरेचा आकडा नव्वदच्या आसपास यायचा. यंदा तो एकशे साठच्या वर जाऊ लागला आणि तिने सरळ मशीनला दोष दिला. दुरुस्तीवाल्याला तीनदा बोलावलं. तिसऱ्यांदा तो वैतागून म्हणाला, "बाई, मशीन ठणठणीत आहे. तुमचंच रक्त गोड झालंय." ती हसली होती. मग तिने सोबतच्या बाईंचं रक्त लावून पाहिलं. ब्याण्णव.

त्याला दीड महिना झाला होता. हे कुणाला सांगायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. आता मात्र तिने नणंदेला सगळं सांगून टाकलं.

"रिपोर्ट आहे?" नणंदेने विचारलं.

"नाही."

"डॉक्टर? गोळ्या?"

"नाही."

"मग झालं तर! कागदच नाही म्हणजे आजारच नाही. मी 'नाही' लिहिते."

"दुरुस्तीवाल्याच्या वहीत तारखा आणि माझे आकडे आहेत. खाली माझ्या सह्या आहेत."

"त्या वहीपर्यंत कोण जातंय?"

"हप्ता घेताना कुणी जात नाही. पैसे द्यायची वेळ आली की जातात. तुझ्या त्या शिक्षकांचं काय झालं?"

नणंदेने पेन खाली ठेवलं. तिच्याकडूनच विमा घेतलेल्या त्या शिक्षकांनी जुना दमा लपवला होता. बिल नामंजूर झालं आणि भरलेले हप्तेही पाण्यात गेले.

"खरं लिहिलं तर हप्ता वाढेल," नणंद हळू आवाजात म्हणाली. "साखरेमुळे जे होईल त्याला आमची कंपनी तीन वर्षं छदाम देत नाही. कदाचित फॉर्मच परत येईल."

"आणि बाकीचं? अपेंडिक्स, अपघात?"

"फॉर्म मंजूर झाला तर ते मिळेल."

नवरा दाराची चौकट धरून उभा होता. "दीड महिना?" तो म्हणाला. "मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"तुझी पाठ..."

"पाठ दुखते. कान शाबूत आहेत."

त्याने दुसरी खुर्ची ओढली आणि कण्हत तिच्याजवळ बसला.

"ती तीन वर्षं विमा सुरू झाल्यापासून मोजतात ना?" तिने नणंदेला विचारलं.

"हो."

"मग 'आहे' लिही आणि आजच पाठव. उद्या मी रीतसर रिपोर्ट काढते, तोही मागून जोड. जितका उशीर, तितकी तीन वर्षं लांब."

नणंदेने खूण खोडून नवी केली, शेजारी तिची सही घेतली आणि सुस्कारा टाकला. "माझं टार्गेट गेलं खड्ड्यात. बरं, वजन?"

"अठ्ठावन्न."

नवऱ्याने नुसतं तिच्याकडे पाहिलं.

"सदुसष्ट," ती म्हणाली.